न जुळल्याचा शिरा

रक्त माझं नको, आईचं हवं, असं त्या डॉक्टरबाई म्हणाल्या तेव्हा मला आधी हायसं वाटलं. सुईला मी फार भितो. पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस मोजण्याइतके उरले, ऑफिसात दोघे-तिघे मला साहेबही म्हणतात. पण सुई दिसली की पाय थंड पडतात. त्या दिवशी माझ्या भावाचा पत्ता नव्हता आणि मी सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसून, वर केलेली बाही हळूच खाली करत होतो. माणूस बधिर झाला की त्याचं असंच होत असावं. मोठं काही दिसत नाही. सुई दिसते.

भाऊ म्हणजे काकूचा मुलगा. चाळिशीला टेकलेला, बिनलग्नाचा, स्वतःचा छोटा टेम्पो चालवणारा. काका जाऊन बरीच वर्षं झाली. नाशिकला द्वारका चौकाच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत तो आणि काकू राहायचे, आणि दोन गल्ल्या सोडून आम्ही. काकू त्याच्यासाठी स्थळं बघून बघून थकली होती. मुली त्याला बघून नाही म्हणत नाहीत, टेम्पो बघून नाही म्हणतात, असं तो सांगायचा. काकू म्हणायची, मग टेम्पो लांब उभा करत जा. एकदा त्याने तसं केलं तर ट्रॅफिकवाल्यांनी तो उचलून नेला. स्थळ राहिलं बाजूला, पाहुण्यांच्या घरचे पोहे अर्धे टाकून आम्ही टेम्पोच्या मागे.

शहराबाहेर हायवेला लागून एक गोदाम होतं. थर्माकोल, रंगाचे डबे, पॅकिंगचं सामान, असलं काहीबाही तिथं असायचं. दुपारी त्याला आग लागली. हा तिथं माल भरायला गेला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा टेम्पो बाहेर उभा होता. एका बाजूचा रंग धगीने फुगून आला होता. सीटवर जेवणाचा डबा, न उघडलेला. तो नव्हता. फोन बंद. आत नक्की किती माणसं होती हे कोणालाच धड सांगता येईना. हमाल येतात, जातात, कोणी कोणाच्या बदली येतो.

जे बाहेर काढलं ते बघून ओळखण्यासारखं राहिलं नव्हतं. बंदोबस्ताला एक वयस्क हवालदार होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, बघायला जाऊ नका. बघून काही कळायचं नाही, आणि मग जेवण जायचं नाही." मी गेलो नाही. सांगितलेलं ऐकायचं, हा माझा जन्माचा स्वभाव आहे.

म्हणून मग डीएनए. डॉक्टरबाई तरुण होत्या. एकेका घराला बसवून त्या तेच तेच पुन्हा सांगत होत्या, तरी आवाजात कंटाळा नव्हता. हाडातून किंवा दातातून नमुना घ्यायचा, घरच्यांचं रक्त घ्यायचं, दोन्ही प्रयोगशाळेत ताडून बघायचं. प्रत्येकात अर्धं आईचं असतं, अर्धं वडिलांचं. म्हणून आई-वडील असले तर उत्तम, मुलं असली तरी चालतं. वडील नाहीत? बायको-मुलं नाहीत? मग आईच बरी.

"नातं?" त्यांनी विचारलं.

"आई," काकू म्हणाली.

मी शेजारी बसून मान डोलावली. खुंटा हलवून बळकट करावा तशी दोनदा डोलावली.

काकूने बोट पुढे केलं. सुईकडे ती टक लावून बघत होती, मी भिंतीकडे. एवढ्याशा रक्तात कळतं का, असं तिने विचारलं. कळतं, डॉक्टरबाई म्हणाल्या. बाहेर आल्यावर कापसाचा बोळा तिने पदराच्या टोकाला बांधून ठेवला. कचऱ्याचा डबा समोरच होता.

मग वाट बघणं. आम्ही दवाखान्यात चकरा मारायचो. तशी गरज नव्हती, फोन येणारच होता. पण घरी बसवत नव्हतं. बाकावर बाकीच्या घरची माणसंही असायची. एकमेकांची नावं आम्ही विचारली नाहीत. कोण कुठून आलंय एवढं कळलं होतं. एकजण पेठ तालुक्याकडचा होता, त्याचा धाकटा भाऊ हंगामापुरता हमालीला आलेला. एका सकाळी त्याचं जुळलं. कागदावर अंगठा देऊन, पांढऱ्या कापडात बांधलेलं ते घेऊन तो मागच्या गेटकडे निघाला. जाताना आमच्यापाशी थांबला आणि म्हणाला, "तुमचं पन व्हईल." मी त्याला धन्यवाद म्हणालो. रिक्षात बसल्यावर वाटलं, कशाबद्दल?

असं एकेक घर गेलं. बाक रिकामा होत गेला.

शेवटी हवालदारांचा फोन आला. मी काकूकडेच होतो. ते म्हणाले, साहेब, तुमचं जुळलं नाही. मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, आईच्या रक्ताशी जुळत नाही असा रिपोर्ट आहे, डॉक्टरबाई तुमच्याशी बोलतील.

जुळलं नाही म्हणजे तो त्यात नाही. त्यात नाही म्हणजे आहे कुठेतरी. एवढा साधा हिशोब. मी काकूला तो मोठ्याने सांगितला आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. मग उठली, रवा काढला, तूप काढलं. केशर नव्हतं तर हळदीची चिमूट टाकू का म्हणून मला विचारलं. टाक म्हणालो. पिवळाजर्द शिरा झाला, दुकानात ठेवतात तसा. मी दोनदा घेतला. गोदाम जळाल्यापासून पहिल्यांदा तोंडाला चव आली होती.

आमच्या घराण्यात गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे असतं. लग्नात, बारशाला, हळदीच्या रात्री मंडळी मला मध्ये बसवतात. तेव्हा अशा वेळी मी गप्प कसा बसणार? शिरा खाता खाता मी एकेक शक्यता मांडली. आग बघून तो घाबरून पळाला असेल. दुसऱ्या गाडीवर बदली ड्रायव्हर म्हणून सुरतेला गेला असेल. डोक्याला मार लागून कुठल्या दवाखान्यात पडला असेल, नाव आठवत नसेल. फोन हरवला असेल आणि आमचा कोणाचाच नंबर त्याला पाठ नसेल, आणि हे तर शंभर टक्के खरं होतं, मला माझ्या बायकोचा नंबर पाठ नाही. काकू ऐकत होती. मध्येच म्हणाली, "तो सुरतेला गेला असेल तर स्वेटर नाही नेलं त्याने." सुरतेला कसली थंडी, मी म्हणालो. दोघंही हसलो.

दुपारभर मी मोबाईलवर त्याचा फोटो घेऊन द्वारकेच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे फिरलो. बरेचजण त्याला ओळखत होते. एकाने तो गेल्या आठवड्यात दिसला म्हणून सांगितलं. मला ते पुरेसं वाटलं. गेल्या आठवड्यात तो मलाही दिसला होता, हे लक्षात यायला चौक ओलांडावा लागला.

घरी आलो तर बायको गवार मोडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. रिपोर्ट, शिरा, सुरत. ती मोडत राहिली. माझं संपल्यावर तिने विचारलं, "रक्त कोणाचं दिलं होतं?"

"काकूचं."

"मग जुळेल कसं?"

तिने हे हळू आवाजात विचारलं. भाजीत मीठ घातलं का, असं विचारतात तसं. मी तिच्याकडे बघत राहिलो. मला हसू आलं. म्हणजे तोंड उघडलं, आवाज काही आला नाही.

आता हे सांगायला हवं. तो काकूच्या पोटचा नव्हता. माझ्या आईचा तिसरा. आम्ही देवळ्याचे. काका-काकू नोकरीसाठी नाशिकला आलेले, लग्नाला बरीच वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. हा झाला तेव्हा शेतातला कांदा चाळीत भरायची घाई चालली होती. काका-काकू बाळ बघायला आले होते, आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी बसून ठरवलं. आईने काकूला पाटावर बसवलं आणि बाळ तिच्या ओटीत घातलं. मी तेव्हा शाळकरी होतो, दारात उभा राहून बघत होतो. नारळ, खण, तांदूळ आणि त्यांच्यावर तो. आमच्याकडे असंच देतात. कोर्ट नाही, कागद नाही. पण एकदा ओटीत घातलं की घातलं. देणारीने त्याला पुन्हा माझा म्हणायचं नाही.

आणि हे गुपित नव्हतं. गुपित असतं तर कोणाला तरी आठवलं असतं. त्याला स्वतःला माहीत होतं. काकूला तो आई म्हणायचा, माझ्या आईला मोठी आई. "मला दोन आया, पण डबा एकीचाच," असं तो लोकांना सांगायचा. काकू त्याला एसटीने नाशिकला आणत असताना तो देवळ्यापासून पिंपळगावपर्यंत रडला, आणि शेवटी कंडक्टरने तिला बाळ धरायचं कसं ते शिकवलं, ही माझी ठेवणीतली गोष्ट. किती लग्नांत सांगितली असेल. कंडक्टरचा आवाज काढून सांगतो मी ती.

तोच मी त्या बाकावर बसलो होतो. "नातं?" "आई." मला त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. खरं सांगायचं तर अजूनही वाटत नाही.

बायको म्हणाली, तुमचं रक्त चाललं असतं ना, सख्खे भाऊ तुम्ही. मी डॉक्टरबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं, जरा जास्तच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, एक नमुना अजून कोणाशीच जुळलेला नाही, आणि घर फक्त तुमचंच राहिलंय. भावाच्या रक्ताने आधार मिळेल, पण खात्रीने सांगायचं तर जन्म दिलेल्या आईचं लागेल. देवळ्याला माझ्या आईने हे आधीच ओळखलं असावं. ती बोलली नव्हती एवढंच.

मी देवळ्याला फोन लावला. आई आता ऐंशीच्या आसपास आहे, पण फोनवर अजून नदीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी बोलते. रिपोर्टचं सांगितलं तर म्हणाली, "मला ठावं व्हतं."

मग बोलली का नाहीस, मी विचारलं.

"मी कोन बोलनारी? दिलेलं पोर हाय. जिता असताना कधी माझा म्हनली नाय, आता मेल्यावर म्हनू?"

मी म्हणालो, उद्या गाडी करून तुला आणतो. ती म्हणाली, "तू आनशील तर नाय येनार. तिनी बोलावलं तर यीन." आणि थोडं थांबून, "एवढ्या गोष्टी सांगत फिरतो गावभर. एवढी एक जा आन तिला सांग."

फोन ठेवायच्या आधी तिने विचारलं, ती जेवती का. मी सांगितलं, आज शिरा केला होता.

आता माझ्यापुढे काय होतं ते बघा. काकूला जाऊन सांगायचं, तर एका वाक्यात दोन गोष्टी काढून घ्यायच्या. तो सुरतेला असेल ही एक. आणि ती आई आहे ही दुसरी. जोवर तिचंच रक्त आईचं, तोवर तो जिवंत. त्याला परत आणायचा तर तिने म्हणायला हवं, माझं रक्त त्याच्या कामाचं नाही. न सांगताही चाललं असतं. तो नमुना तिथं शीतपेटीत पडून राहिला असता, आणि ती आयुष्यभर दार लोटून न घेता झोपली असती. खूपजण असं जगतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. काकूने त्याचे शर्ट धुऊन दोरीवर घातले होते. चहा ठेवला. मी बोलायला सुरुवात केली ती उन्हापासून. मग नळाला पाणी किती वेळ येतं. मग गल्लीतल्या खड्ड्याबद्दल, महापालिकेबद्दल. गोष्ट सांगणाऱ्याला सुरुवात सापडेना, असं माझं पहिल्यांदाच झालं. काकूने चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली,

"आक्काला फोन केलास?"

आक्का म्हणजे माझी आई, तिची थोरली जाऊ. मी हो म्हणालो.

काकू समोर बसली. "सुई टोचली तेव्हाच आठवलं मला," ती म्हणाली. "ओठांवर आलं होतं. पण बोलले असते तर त्या बाईने मला उठवलं असतं, म्हणाली असती तुमचं नको. म्हटलं घेऊ दे. आई म्हणून विचारलंय, आई म्हणून देते."

"म्हणजे जुळणार नाही हे तुला माहीत होतं?"

"होतं ना. पण तुला तो फोन आला आणि तू जुळलं नाही म्हणालास, तेव्हा खरंच वाटलं बघ. शिरा होईपर्यंत खरं वाटलं. मग तू दोनदा घेतलास. तुला खाताना बघून आणखी थोडं वाटलं."

चहावर साय धरली होती. मी ती बोटाने बाजूला केली. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. तिलाही आलं नाही. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. तो गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत आम्ही दोघं ऐकत राहिलो.

"लाव फोन," ती म्हणाली.

मी लावून दिला. दोन जावांचं बोलणं मी ऐकलं, पण त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं. "आक्का, या तुम्ही. हो. उद्याच. नाही, पिठलं-भाकरी काही बांधून आणू नका, मी करते. गुडघ्याचं तेल तेवढं आणा, इथं मिळत नाही." एवढंच. तिकडून आई काय म्हणाली ते मला कळलं नाही. या दोघींचं वर्षानुवर्षं फार पटत होतं अशातला भाग नाही. काकू शहराची झाली म्हणून आई टोमणे मारायची, आई भाजीत तेल ओतते म्हणून काकू नाक मुरडायची. पण त्या दिवशी तेलाचा विषय निघाला तो फक्त गुडघ्याच्या.

दवाखान्यात दोघी बाकावर शेजारी बसल्या. पलीकडे मी. डॉक्टरबाईंनी आत बोलावलं आणि दोघींकडे आळीपाळीने बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं, पण विचारावं तर लागणारच.

"आई कोण?"

माझ्या आईने काकूकडे हात केला. "आई ही हाय," ती म्हणाली. "रगत माझं घ्या."

डॉक्टरबाईंचा पेन थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी बघितलं नाही. त्यांनी आईचं बोट पुसलं, आणि आधाराला म्हणून माझंही घेतलं. मी भिंतीकडे बघत होतो आणि भिंत हळूहळू तिरकी व्हायला लागली. शुद्धीवर आलो तेव्हा मी टेबलावर आडवा होतो. काकू फाइलने वारा घालत होती आणि आई डॉक्टरबाईंना सांगत होती की हा पहिल्यापासून असाच, काटा मोडला तरी गाव गोळा करायचा.

आई मग देवळ्याला परत गेली नाही. काकूकडेच राहिली. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस त्या दोघींनी घर आवरण्यात घालवले. आधीच आवरलेलं घर पुन्हा आवरायचं म्हणजे काम लवकर संपत नाही. मी ऑफिसातून परस्पर तिकडे जायचो, बसायचो, चहा प्यायचो. सुरतेचं नाव कोणी काढलं नाही. एकदा खाली टेम्पो थांबल्याचा आवाज आला तेव्हा तिघांनीही दाराकडे बघितलं. गॅसवाला होता.

हवालदारांचा फोन सकाळी आला, मी काकूकडे असताना. त्यांनी पहिल्यांदा जेवण झालं का विचारलं, आणि मी ओळखलं. जुळलं, ते म्हणाले. आईशी पूर्ण जुळलं, तुमच्याशीही. तुम्ही आज आलात तरी चालेल.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. दोघी आत होत्या. आई भाकरी थापत होती, काकू तव्यापाशी. कोणाला सांगायचं ते मला कळेना. म्हणून मी ते दोघींच्या मधल्या डब्यांच्या फळीला सांगितलं. "जुळलं," एवढंच.

तव्यावर होती तेवढी भाकरी काकूने भाजू दिली. काढून टोपलीत ठेवली, गॅस बंद केला, हात धुतले. चांगलं लुगडं नेसून आली. आई तशीच पिठाच्या हातांनी बसून होती.

"आक्का, चला," काकू म्हणाली.

"मी कशाला? सही तुझी लागंल."

"सही करते मी. तुम्ही चला. एकटीला नाही आणवायचा मला तो."

काकूने आईला दंडाला धरून उठवलं, मोरीशी नेऊन तिच्या हातांवर पाणी घातलं. मी खाली जाऊन रिक्षा थांबवली. दोघी मागे बसल्या, त्यांच्या कडेला मी कसाबसा मावलो. द्वारकेला नेहमीसारखं सगळं अडकलेलं होतं. रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न वाजवला, मग त्यानेही सोडून दिलं. दवाखाना जवळ आल्यावर त्याने आरशातून बघत कुठल्या गेटला सोडू म्हणून विचारलं.

"मागच्या," मी म्हणालो.